तिसऱ्या मजल्यावरून

आमच्या इमारतीत ऊब वरून खाली येते.
करागांडाच्या औष्णिक केंद्रात तापलेलं पाणी
आधी थेट पाचव्यावर चढतं,
मग एकेका खोलीची विचारपूस करत उतरतं,
आणि पहिल्यावर पोचेपर्यंत
पंगतीत शेवटी बसलेल्याचं पान होतं:
वाढप्याचा हात आखडलेला, आमटी नुसती पातळ.

(पहिला म्हणजे तळाचाच.
आमच्याकडे मोजणी जमिनीपासून.)

पाचव्यावरची झाउरेश
बाहेर उणे अठ्ठावीस असताना
घरात बिनबाह्यांच्या झग्यात वावरते.
रेडिएटरला नळच नाही, बंद काय करणार?
मग खिडकीच्या कोपऱ्यातली इवलीशी झडप
ऑक्टोबर ते एप्रिल सताड उघडी,
आणि तिच्या वाट्याचा कोळसा
छज्जावर बसलेल्या चिमण्यांचे पाय शेकतो.

पहिल्यावर एर्विन.
नमद्याचे बूट, कानटोपी, दोन स्वेटर.
दर शरदात खिडकीच्या फटींत कापूस कोंबायचा,
वर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदी पट्ट्या,
आणि तरीही रात्री दहाच्या ठोक्याला
पळीनं पाईपवर ठण्, ठण्, ठण्.
वरती ऐकू जावं म्हणून.
वरती ऐकू जायचं. झडप उघडीच राहायची.

मी मधे. ना उकडत, ना काकडत.
म्हणून दोघांच्या तक्रारी
माझ्याकडे चहाला येतात.

यंदा एर्विनच्या मुलीनं जर्मनीतून पैसे धाडले.
प्लॅस्टिकच्या खिडक्या आल्या, दुहेरी काचांच्या,
रबराच्या ओठांनी मिटलेल्या.
पळी गप्प झाली.
झाउरेशनं पहिल्या आठवड्यात सुटकेचा श्वास टाकला,
दुसऱ्या आठवड्यात जिन्यात मला अडवून म्हणाली,
"ठोकत का नाही गं तो?"

मी बशीभर बाउर्साक घेऊन खाली गेले.
दार उघडलं तेव्हा आधी हवा बाहेर आली,
मग एर्विन.
उकडलेला कोबी, ओली लोकर, मलम, चार दिवसांची झोप,
सगळं एकमेकांवर रचून ठेवलेलं.
काचांवरून पाण्याचे ओघळ,
कपाटामागच्या भिंतीवर मिरपूड उधळावी तशी बुरशी,
जिरेनियमची पानं देठातून मऊ पडलेली.
"गरम आहे की नाही?" तो अभिमानानं म्हणाला.
"फक्त डोकं जड असतं. वय झालं."

एकतीस वर्षं खाणीत होता हा माणूस,
वाऱ्याच्या खात्यात.
सहाशे मीटर खाली कुठल्या बोगद्याला किती हवा द्यायची,
कुठला पडदा सारायचा, कुठला पंखा वाढवायचा,
लोक त्याच्या शब्दावर श्वास घेत.

मी एवढंच विचारलं, "इथला वारा मोजलास का?"

हसायला लागला. मग थांबला.
तर्जनी जिभेवर ओली केली, समोर धरली.
खोलीच्या मध्यात. दाराशी. पलंगाच्या उशाशी.
बोटाच्या कुठल्याच बाजूला गार लागेना.
शेवटी पाळी संपल्यावर नोंदवहीत लिहावं
तशा कोरड्या आवाजात म्हणाला,
"हवा मेलेली आहे."

खिडकी त्यानंच उघडली.
थंडी बूट न काढता आत शिरली.
एर्विननं तिला एक शिवी हासडली,
आणि उघड्या तोंडानं
तिचा मोठ्ठा घोट घेतला.

आता रात्री दहाला पळी पुन्हा वाजते.
पाच मिनिटं खिडकी उघडतो तो,
उघडताना एकदा ठोकतो, मिटताना एकदा,
खाणीतली जुनी सवय, म्हणतो.
वर झाउरेशला वाटतं म्हातारा गारठलाय.
ती धावत जाऊन झडप लावते,
आणि तेवढा वेळ घामाघूम बसून राहते.

मी पाईपवर हात ठेवते. कोमट.
दोघांनाही अजून काही सांगितलेलं नाही.